एकांतासाठी रिलीव्हर

लेखकाला जगायला दोन गोष्टी लागतात: एकांत आणि इतर लेखक. एकांत नसला तर त्याच्या हातून लिहून होत नाही. आणि इतर लेखक नसले, तर लिहून होत नाही ही तक्रार त्याने करायची कुणापाशी? हा पेच फार जुना आहे. त्यापायी थोरामोठ्यांनी संसार सोडले, डोंगर गाठले, काहींनी तर पर्मनंट नोकऱ्याही सोडल्या. तो कायमचा सुटला मात्र मारुंजीत, सोपानरावांच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. याची दखल पुण्याच्या साहित्यवर्तुळाने अद्याप घेतलेली नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही, पुण्याने पिंपरी-चिंचवडची दखल घ्यायलाही बरीच वर्षे लावली होती.

सोपानराव हे मूळचे मारुंजीचेच शेतकरी. जमीन होती तोवर त्यांनी शेती केली. जमीन गेली तशी इमारत आली, इमारतीत हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली पोरे आली, आणि साथीच्या काळात 'घरूनच काम करा' असा हुकूम निघाल्यावर ती पोरे आपापल्या गावी गेली. सगळी काही परतली नाहीत. एका खाटेच्या, एका खिडकीच्या, शेजारच्या इमारतीची भिंत दाखवणाऱ्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. अशा खोलीला भाडेकरू कोंदट म्हणतो आणि लेखक एकांत म्हणतो, हा फरक सोपानरावांनी वेळीच हेरला. त्यांनी दारांवर 'एकांत कक्ष' अशा पाट्या ठोकल्या, तळमजल्यावर सत्कारांसाठी सभागृह काढले (पूर्वीचे दुचाकी पार्किंग, अजूनही अध्यक्षीय भाषणात एखादी गाडी चालू होते) आणि मुळाकाठ लेखक संपर्क मंडळाची स्थापना केली.

स्वतः सोपानराव काही लिहीत नाहीत, आणि तसे सांगायला ते लाजतही नाहीत. स्थापनेच्या दिवशी ते माईकवर म्हणाले, "आमाला काय लिवता येत न्हाई. पर आमच्या गावात येऊन कुणी लिवत आसंल, तर त्याला आमी एकटा पडू द्यायचो न्हाई."

हे वाक्य मंडळाचे ब्रीद ठरले. मंडळाने ते अक्षरशः पाळले.

निरंजन घोळवे या मंडळात आला तो गरजेपोटी. तो चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपचा सुपरवायझर. गाड्यांच्या दारांचे पत्रे जिथे दिवसभर धाडधाड दाबले जातात तिथे बारा वर्षे उभे राहून त्याचा आवाज असा काही तयार झाला होता, की थेरगावच्या आपल्या फ्लॅटमध्ये तो जेवताना "मीठ दे" म्हणाला तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी बरणी घेऊन वर यायच्या. माणूस मात्र मऊ. गेली काही वर्षे तो एक कादंबरी लिहीत होता, आणि ती होती त्याच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर.

वडील म्हणजे ज्ञानदेव; घरात सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांची गिरणी बीड जिल्ह्यात, केजच्या पुढच्या एका गावात होती. उभा जन्म त्यांनी ती चालवली आणि एके दिवशी पट्टा उतरवून कुलूप घातले. का घातले ते कुणालाच सांगितले नाही. धंदा बरा होता, इंजिन धडधाकट होते, गावात दुसरी गिरणीही नव्हती. पुढे ते लेकाकडे थेरगावला आले आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले. गिरणीच्या घरघरीने कान जवळजवळ गेलेच होते. टीव्ही त्यांना नुसता दिसायचा, सून सांगून सांगून थकायची. निरंजनचा आवाज तेवढा त्यांना स्वच्छ ऐकू येई. कंपनीने दिलेल्या गोष्टींपैकी निवृत्तीनंतरही उपयोगी पडेल अशी ही एकच.

म्हणून दर रविवारी दुपारी चारला निरंजन आठवड्यात लिहिलेले नानांना वाचून दाखवायचा आणि नाना चुका काढायचे. "पट्टा तसा चढत नसतोय. हात जाईल त्या गड्याचा." निरंजन पट्टा नीट चढवून घ्यायचा. कधी दोन पाने व्हायची, कधी अर्धे, कधी नुसताच चहा. दोघांनाही ती वेळ फार आवडायची, आणि दोघेही तसे कधी बोलले नव्हते.

गिरणी का बंद केली, हे निरंजनने पुष्कळदा विचारून पाहिले. नानांचे उत्तर ठरलेले. "लिहीत लिहीत तिथवर ये. मंग सांगतो. आधीच सांगितलं तर तू तेवढंच लिवशील आन् मोकळा होशील."

(लेखनविषयक सल्ला म्हणून हे वाक्य मंडळाच्या कुठल्याही कार्यशाळेच्या तोडीचे आहे. पण कार्यशाळेत बोलायला किमान एक पुस्तक प्रसिद्ध झालेले असावे लागते.)

शेवटची चार प्रकरणे उरली आणि गाडे अडले. आठवडाभर पाळ्या, येता-जाता चाकणच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये मुक्काम, आणि घरी टेबल टाकायला जागा नाही. बायको स्वप्नाली शिकवण्या घ्यायची. ती म्हणाली, "हॉलमध्ये माझी पोरं, आत नाना, बाल्कनीत कपडे. एकांत पाहिजे तर तो बाहेर बघा. आणि चार लिहिणारी माणसं भेटली तर बरंच होईल. दरवेळी 'छान झालंय' म्हणून मला कंटाळा आलाय."

अशा रीतीने निरंजन मंडळाचा सभासद झाला. त्याला चौदा नंबरचा एकांत कक्ष मिळाला, त्याची किल्ली मिळाली, आणि महिन्याभराच्या कार्यक्रमांचे पत्रकही मिळाले. पत्रक किल्लीपेक्षा जड होते.

मंडळाचा सगळा डोलारा परस्पर हजेरीवर उभा होता. शास्त्र लग्नातल्या आहेराचेच. तुम्ही आमच्या प्रकाशनाला आलात, आम्ही तुमच्याला येऊ. तुम्ही पुढच्या रांगेत बसलात, आम्हीही पुढे बसू. तुम्ही उपम्यानंतर निघालात तर आम्हीही नंतरच निघू, आणि उपम्याआधी सटकलात तर तुमच्या वेळी काय होते ते तुम्हीच बघा. कार्यक्रमांना तोटा नव्हता. पुस्तक आले की प्रकाशन. पुस्तक येणार असेल तर पूर्वप्रकाशन. दिवाळी अंकात कथा आली तर सत्कार, नाही आली तर सांत्वनपर सत्कार (शाल तीच, नारळ लहान). शिवाय दर महिन्याला 'एकांत आणि मी' या विषयावर दिवसभराचे चर्चासत्र असे. त्याला उपस्थिती सक्तीची होती.

वर्षाअखेरीस अहवाल निघाला. सभासद एकेचाळीस. सत्कार झालेले चाळीस, कारण एकेचाळिसावे सोपानराव आणि ते सत्कार करणारे. वर्षभरात प्रत्यक्ष काही लिहिलेले सभासद सात. त्या सातांच्या लेखनात आभारपत्रे चार, उपम्याबद्दल तक्रारी दोन आणि कथा एक. कथा लिहिणाऱ्याने मार्चमध्येच मंडळ सोडले होते.

अहवालाने सर्वांना वाईट वाटले, म्हणजे तसा ठराव संमत झाला. कार्यवाह सुजितला मात्र राग आला. सुजित चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत उत्पादन नियोजनाचे काम करायचा आणि सवडीने चारोळ्या लिहायचा. तो म्हणाला, "वर एवढ्या खोल्या रिकाम्या, म्हणजे एवढी मशिनं बंद. भावा, माझ्या लाईनवर एक मशीन दहा मिनिटं बंद राहिलं तर मला वर बोलावतात. इथं अख्खं वर्ष लाईन बंद आहे आणि आपण शाली वाटतोय."

उपायही त्यानेच सुचवला. कारखान्यात लाईनवरच्या माणसाला मध्येच जावे लागले तर तो बटण दाबतो, पिवळा दिवा लागतो आणि रिलीव्हर येऊन त्याच्या जागी उभा राहतो. माणसाची अडचण भागते, लाईनही थांबत नाही. ही साधी गोष्ट साहित्यात आजवर कुणाला सुचू नये याचे सुजितला नवल वाटले. ठराव झाला: ज्याला लिहायचे आहे त्याने खुशाल आपल्या कक्षात बसावे. त्याच्या वतीने रिलीव्हर कार्यक्रमाला जाईल, टाळ्या वाजवील, "वा, फार आतून आलंय" असे म्हणेल, उपमा खाईल आणि सत्कार असल्यास तो स्वीकारून शाल पोचती करील. नारळाबाबत आग्रह धरू नये.

योजना पंधरा दिवस अप्रतिम चालली. सोळाव्या दिवशी लक्षात आले, की रिलीव्हर हेही लेखकच आहेत आणि त्यांनाही एकांत हवा आहे. त्यांच्यासाठी रिलीव्हर नेमावे, तर त्यांचेही तेच. सुजित डगमगला नाही. त्याने कंपनीत असतो तसा कौशल्य-तक्ता बनवला आणि प्रत्येक सभासदाला दोनच बाबतींत गुण दिले: बसणे आणि मिसळणे. जो मिसळण्यात सरस त्याने कार्यक्रम सांभाळावेत, जो बसण्यात सरस त्याने कक्ष सांभाळावेत. ज्याचे त्याला दिले की कुणाचीच ओढाताण होत नाही.

निरंजनचे नशीब एका प्रकाशनात ठरले होते. आभारप्रदर्शनाच्या वेळी माईक बंद पडला, आणि निरंजनने उभे राहून नुसत्या तोंडाने आभार मानले. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले, रस्त्यावर गेले, गच्चीवर वायर जोडत बसलेल्या इलेक्ट्रिशियनलाही आपले नाव ऐकू आले आणि तो हात जोडून खाली उतरला. त्या दिवसापासून मंडळाचे सगळे आभार निरंजनकडे आले. त्याला हे आवडले, खोटे कशाला सांगा. कंपनीत त्याचा आवाज आला की लोक पांगायचे, इथे त्याच आवाजाला टाळ्या पडत होत्या. तक्त्यात त्याला मिसळण्यात पैकीच्या पैकी मिळाले.

राहता राहिला चौदा नंबरचा कक्ष. निरंजन शनिवार-रविवार आणि पाळी सुटल्यावरच्या संध्याकाळी कार्यक्रमांत. कक्षात टेबल, टेबलावर कादंबरीची फाईल, आणि खुर्ची रिकामी. रिकामी खुर्ची सुजितला बघवेना. कार्यक्रमात रिलीव्हर चालतो, तर एकांतात का चालू नये? तर्कात खोट नव्हती. कार्यकारिणीने शोधून पाहिली.

चौदा नंबरमध्ये विजयश्रीची नेमणूक झाली. ती देवगडकडची, पिंपरीत एका पतसंस्थेत कॅशियर. बसण्यात पैकीच्या पैकी, मिसळण्यात शून्य. तिला वाटले, नुसते बसायचे आहे. पण समोर फाईल उघडी, वाक्य अर्धे, आणि काम अर्धे टाकून उठायची तिला सवय नव्हती. तिने ते वाक्य पुरे केले. मग दुसरे. महिन्याभरात गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत बांगडे दिसू लागले, आणि गावाबाहेरच्या ओढ्याला भरती-ओहोटी सुरू झाली.

"केजला बांगडे?" निरंजनने सुजितला विचारले.

"माल निघतोय ना?" सुजित म्हणाला. "आधी नग बाहेर पडू दे. फिनिशिंग नंतर."

विजयश्रीच्या पाळीनंतर शेखर बसायचा. तो रहस्यकथा लिहिणारा. त्याने आल्या आल्या गिरणीमागे एक प्रेत टाकले आणि रात्रीच्या पाळीवर सोडून निघून गेला. मग सोपानरावांनाही राहवेना. "येक पाळी आमाला बी द्या की," म्हणून ते हौसेने बसले, आणि सांगून लिहवून घेतलेल्या पाच पानांत त्यांनी गिरणीच्या जागेतून नव्वद फुटी रस्ता नेला. पाळी बदलताना एक जण दुसऱ्यासाठी भिंतीवरच्या फळ्यावर निरोप ठेवायचा. कंपनीची शिस्तच तशी. त्यातले काही निरोप साहित्याच्या अभ्यासकांनी जपून ठेवावेत असे होते:

'आई रडत आहे. दुपारच्या पाळीने गप्प करावे.'

'नायक विहिरीच्या काठावर उभा आहे. लक्ष असू द्यावे.'

'काका मागच्या प्रकरणात वारले असून या प्रकरणात जेवायला बसले आहेत. जेवण झाल्यावर बघावे.'

'गावातला समुद्र काढून टाकावा.' आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात: 'काढला. होडी राहिली.'

निरंजनच्या मनात दोन-तीनदा आले, की हे थांबवावे. एकदा तर तो चौदा नंबरचा जिना चढूही लागला होता. पण खाली कुणाचा तरी सत्कार संपत आला होता आणि आभार राहिले होते. शिवाय फाईल जाड होत होती. जाड होणाऱ्या फाईलवर रागावणे लेखकाला फार अवघड जाते.

अडचण आली ती रविवारची. मंडळाचे कार्यक्रम रविवारी चारच्या सुमारास ऐन भरात असत. एका रात्री ताटे वाढताना स्वप्नाली म्हणाली, "चार वाजले की नाना खुर्ची आत वळवून बसतात. पाचला पुन्हा खिडकीकडे करतात. विचारत काही नाहीत."

दुसऱ्याच दिवशी त्याने ही गोष्ट मंडळाच्या कानावर घातली. मंडळाची तत्परता अशी, की पुढच्याच रविवारी ठीक चारला थेरगावला रिलीव्हर हजर. विजयश्रीच, कादंबरी कुठवर आली हे तिलाच नीट ठाऊक होते. (स्वप्नालीने तेव्हा विचारले होते, की माणसे घरपोच मिळतच असतील तर भाजी आणायला आणि मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला एखादा नवरा मिळेल का. प्रस्ताव विचाराधीन आहे.)

पण या योजनेत एक उणीव राहून गेली होती. विजयश्रीचा आवाज इतका बारीक, की पतसंस्थेत लोक तिला आकडे खुणेने विचारत. तिने पहिले पान वाचले. नानांना एक अक्षर ऐकू आले नाही. तिने पुन्हा वाचले. मग तिने फाईल मिटली आणि नुसती बसून राहिली, कारण बसणे हे तिचे काम होते. थोड्या वेळाने नानाच बोलू लागले. समोर माणूस बसला आहे, ऐकतो आहे आणि उठून कुठे आभार मानायला जायचा नाही, असे बऱ्याच दिवसांत घडले नव्हते.

पुढचे कित्येक रविवार नाना बोलले आणि विजयश्रीने ऐकले. कादंबरीतली होडी नाहीशी झाली. प्रेत उठवण्यात आले. नव्वद फुटी रस्ता परत गेला. बाजरी दळताना येणारा वास, पहाटे इंजिन चालू करताना हँडलचा बसणारा झटका, पिठाने पांढरे झालेले पापण्यांचे केस, सगळे जागच्या जागी आले. आणि एका रविवारी कादंबरी तिथवर येऊन पोचली. नाना शब्दाचे पक्के. तिथवर आल्यावर सांगतो म्हणाले होते, त्यांनी सांगितले. निरंजन त्या वेळी चऱ्होलीत एका काव्यसंग्रहाच्या मुखपृष्ठाच्या अनावरणात मंडपवाल्याचे आभार मानत होता.

कादंबरी छापून आली. लेखक: निरंजन ज्ञानदेव घोळवे. प्रकाशन रविवारी दुपारी, मंडळाच्याच सभागृहात. नाना आले नाहीत. "तिथं भोंग्यातनं मला काय कळतंय," म्हणाले. कार्यक्रमपत्रिका ठरवताना एक तांत्रिक पेच उभा राहिला: लेखकाचे मनोगत आणि आभारप्रदर्शन, दोन्हींसाठी एकच माणूस. आभाराला निरंजनशिवाय पर्याय नव्हता. मग त्याच्या मनोगताला रिलीव्हर देण्यात आला. विजयश्रीला जवळजवळ ढकलूनच मंचावर आणले. तिला भाषण येत नव्हते. तिने माईक ओठांना टेकवला आणि पुस्तकाचे शेवटचे पान उघडून वाचायला लागली.

निरंजन मंचावर बसून आभारांची नावे मनात लावत होता. मंडपवाला, उपमावाला, हार, ध्वनिव्यवस्था. आपल्या कादंबरीचे शेवटचे पान तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"पोरगं पुण्याकडं नोकरीला गेलं," विजयश्री वाचत होती. "दिवाळीला आलं. गिरणीच्या दारात उभं राहून कायतरी बोललं. ओठ हलताना दिसले, शब्द काय आला न्हाई. मी हसलो, ऐकू आल्यासारखं. रात्रभर झोप न्हाई. सकाळी पट्टा उतरवला. कान जेवढा उरला हुता तेवढा त्याच्यासाठी ठिवायचा हुता."

टाळ्या झाल्या, चांगल्या लांबल्या. (उपस्थितांपैकी सव्वीस जण दुसऱ्यांच्या वतीने आले होते, पण टाळ्यांत फरक जाणवला नाही.) लगेच सूत्रसंचालकाने आभारासाठी निरंजनचे नाव पुकारले.

निरंजन उठला. त्याला तडक घरी जायचे होते. पण तयार झालेला आवाज धन्याला विचारत बसत नाही. त्याने मंडपवाल्यापासून सुरुवात केली आणि एकही नाव न चुकता उपम्यापर्यंत आला. सोपानरावांनी डोळे पुसले. "लई ब्येस झालं," ते म्हणाले. "आसं आभार आमच्या तेराव्याला बी व्हाया पायजेत."

उपम्याला न थांबता निरंजन निघाला. डांगे चौकात गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या होत्या. रिक्षात बसून त्याने मनाशी घोकले, की जायचे आणि नानांसमोर बसायचे, एवढेच. तो घरी पोचला तेव्हा चार वाजून गेले होते आणि नानांसमोर सुमनताई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, मंडळाच्या जुन्या सभासद. विजयश्री प्रकाशनाला अडकल्यामुळे सुजितने तिच्या जागी त्यांना पाठवले होते. गिरणीचा गुळगुळीत झालेला दगड टाकी लावून पुन्हा खरखरीत कसा करतात, ते नाना हातवारे करून सांगत होते.

"ताई, आता मी बसतो," निरंजन म्हणाला.

सुमनताईंनी घड्याळ दाखवले. "माझी पाळी पाचपर्यंत आहे. आणि आज रंगात आलेत ते. मध्येच तोडू नका."

निरंजन आपल्याच घरात, दाराशी स्टुलावर, पाच वाजायची वाट बघत बसला. स्वप्नालीने त्याला पाणी दिले, पाहुण्याला देतात तसे, खाली बशी धरून. पाचला सुमनताई उठल्या. जाताना त्यांनी रीतसर निरोप दिला: "चहा झालाय. सहाची गोळी बाकी आहे. टाकीपर्यंत आलेत, पुढचं तुम्ही घ्या."

निरंजन नानांसमोर बसला. "नाना," तो म्हणाला, "गिरणी का बंद केली?"

नानांना नीट ऐकू आले. "सांगितलंय की त्या पोरीला. तेच ते दळण किती बारी दळायचं?"

"मला सांगा."

नानांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. म्हाताऱ्याला खरोखरच माहिती हवी होती. "तू तुझा आलायस," त्यांनी विचारले, "का कुणाच्या जागी बसलायस?"

निरंजनचे डोळे भरून आले. "माझा मीच आलोय," तो म्हणाला. पण हे तो इतक्या हळू म्हणाला, की नानांना फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. नाना हसले, ऐकू आल्यासारखे.

मंडळाच्या लेखी प्रयोग पूर्ण यशस्वी झाला आहे. एका कादंबरीचे उत्पादन झाले, लेखकाची हजेरी शंभर टक्के राहिली आणि लाईन एकदाही थांबली नाही. आता हीच सोय वाचकांनाही लागू करण्यात आली आहे, कारण वाचायलाही एकांत लागतो आणि वाचकालाही घर असते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. तुम्ही हे वाचायला बसलात तेव्हा आतल्या खोलीत कुणाला तरी तुमच्याशी काही बोलायचे होते, आणि तुम्ही "हो, आलोच" म्हणाला होतात. आता घाईने उठू नका. मंडळाने तिथे माणूस पाठवला आहे, आणि त्याचे ऐकून घेणे फार चांगले आहे, असे कळते.